रक्त थांबले, पण कारण?

काही दुखण्यांची चर्चा दिवाणखान्यात रंगते, तर काहींचा उच्चारही घरात होत नाही. लघवीतून रक्त जाणे हे या दुसऱ्या जातीचे दुखणे. म्हणूनच आमच्या थोरल्या बंधूंची हकीकत, त्यांच्याच संमतीने, येथे सांगते.

२०१९ सालच्या वैशाखात, इंदुरास, त्यांना एके सकाळी लालभडक लघवी झाली. वेदना नाही, जळजळ नाही, ताप नाही. वृद्ध आत्यांनी ‘उन्हाळी लागली’ असा निर्वाळा दिला आणि धने-जिऱ्याचे पाणी सुरू झाले. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. सारे निश्चिंत झाले. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “उन्हाळीत आग होते, आत्याबाई. ह्यांना तर काहीच झाले नाही. मग रक्त आले कुठून?”

डॉक्टरांनी प्रथम बीट खाल्ले होते का, क्षयाची औषधे चालू आहेत का, हे विचारले. दोन्हींनी लघवीला रंग येतो. मग तंबाखूविषयी विचारले. दादांनी सिगारेट सोडून दहा वर्षे झाली होती. पण त्यापूर्वीची तीस वर्षे पुसली गेली नव्हती. तंबाखूतील विषे रक्तातून मूत्रपिंडांत आणि तेथून मूत्राशयात उतरतात व त्याच्या अस्तराशी तासन्‌तास राहतात. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे तर जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच दाखवून दिले होते.

लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि शेवटी दुर्बीण. मूत्राशयात करवंदाएवढी गाठ निघाली. कर्करोगाचीच, पण खोलवर न रुजलेली. ती दुर्बिणीतूनच काढली गेली. पुनःपुन्हा तपासणी करावी लागते, पण दादा आज आपल्या पायांनी बाजारात जातात.

अशा गाठीवरील नाजूक रक्तवाहिनी फुटते, रक्त वाहते, मग आपोआप गोठून थांबते. गाठ मात्र जागच्या जागी असते. धने-जिऱ्याला जे श्रेय मिळाले, ते असे फुकटचे होते.

वाचकांनी भयभीत होऊ नये. लिटरभर लघवी रंगण्यास मिलिलिटरभर रक्तही पुरते, आणि बहुतेकदा कारण मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा पुरुषांत वाढलेले प्रोस्टेट असेच निघते. परंतु कोणते, हे घरबसल्या ठरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या, तरी त्यांच्यावर खापर फोडून तपासणी टाळू नये. पाळी गेलेल्या भगिनींनी तर विशेष जपावे. ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून त्यांचे दुखणे अधिकच लांबणीवर पडते. रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी तुंबली, किंवा थंडी-ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वडीलधाऱ्यांना हे विचारायचे कसे, असा संकोच सुनांना-लेकींना वाटतो. वहिनींनाही तो वाटलाच असेल. तरी त्यांनी विचारले, हे आमच्या घराचे भाग्य.