नाशिक मुक्काम : दूध बाजाराच्या तोंडावरची गाडी

दिवस अकरावा, सोमवार

नाशिकरोडला गाडी दीड तास उशिरा. शेअर रिक्षा शालिमारपर्यंत ४०. लॉज ९००. गरम पाणी फक्त सकाळी सहा ते आठ, हे पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं. मिसळ ९०, चहा दोन वेळा २०. थंडी फार. गुडघा दुखतोय. एवढंच.

दिवस बारावा, मंगळवार

गरम पाणी आलं नाही. रिक्षा पांडवलेण्यापर्यंत १८०. पायऱ्या चढताना गुडघ्याने जीव काढला, पण दहाव्या लेण्यासमोर बसले आणि तासभर उठवेना. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथे दगडात हिशेब कोरून ठेवलाय. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण नाणी, महिना शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे हजार, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं भिक्षूंना. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, म्हणजे वीस भिक्षूंना कापडासाठी बारा-बारा. वहीत मांडून पाहिलं, बरोबर जमतं. रोज रात्री चहाचे दहा रुपये लिहिणाऱ्या बाईला तो माणूस फार जवळचा वाटला.

संध्याकाळी गुडघ्याचा पट्टा शोधायला भद्रकालीत गेले (पट्टा २२०). दूध बाजाराच्या तोंडाशी लोण्यात कांदा परतल्याचा वास आला आणि पाय थांबले. नवी कोरी हातगाडी, पाटीवरचा रंग अजून चमकतोय. बर्गर. चिकन ७०, अंड्यातला ९०. चालवणारा तिशीचा तरुण, गाडी लावून बाराच दिवस झालेत. मी म्हटलं, लवकर होईल का? तर म्हणाला, “ताई, घाई असेल तर पुढे वडापाव आहे. हे थांबून खायचं.”

थांबले. बरं झालं.

खिम्याचा गोळा त्याने तव्यावर टाकला आणि कालथ्याने दाबून पसरट केला. कडा तपकिरी झाल्याशिवाय हात लावला नाही. शेजारी अंडं फोडून पातळ, रुमालाएवढं पसरलं. त्यावर टिक्की ठेवली, वर मिरपूड, काळसर सॉस, आणि चारी बाजूंनी अंडं दुमडून पाकीट केलं. हे कुठे शिकलात? “क्वालालंपूरला.” सहा वर्षं तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. रात्री सुटल्यावर रस्त्यावर हेच खायचा.

मलेशियात याला रामली बर्गर म्हणतात, हे मला माहीत होतं. रामली मोकनी नावाच्या माणसाने बायकोच्या मदतीने १९७८-७९च्या सुमारास तिथे हा धंदा सुरू केला. बाहेरून येणाऱ्या मांसाच्या टिक्क्या हलाल आहेत का, याची तिथल्या मुसलमानांना खात्री नव्हती, म्हणून त्याने आपल्याच घरी टिक्की बनवली. मी हे सांगितलं तेव्हा याचा कालथा क्षणभर थांबला. त्याला नाव माहीत होतं, गोष्ट नव्हती. मग म्हणाला, कोंबडी समोरच कापून घेतो, खिमा घरी अम्मी करते, मशीनवर नाही.

तेवढ्यात दोन मुली आल्या. व्हेज आहे का? नाही म्हणाला. त्या गेल्यावर मी विचारलं, का ठेवत नाही? एवढी गिऱ्हाइकं परत जातात. “तवा एकच आहे ना, ताई. त्याच तव्यावर त्यांचं कसं भाजू? दुसरा तवा, दुसरा कालथा घेईन तेव्हा ठेवीन.” त्यांना कळलंही नसतं. मला तो तिथेच आवडला.

आणि चव! अंड्याची मऊ घडी, आत कुरकुरीत कडा, मिरीचा झणका, आणि नाशिकचा कांदा, गोडसर, नीट परतलेला. आमच्या घरच्या खिमा-पावाची चुलत बहीणच. एक संपवून दुसरा मागितला. १८० रुपये. वडील मालेगावात मागावर होते म्हणाला. विणकर! सकाळच्या शिलालेखाचं सांगायचं राहून गेलं.

दिवस तेरावा, बुधवार

गरम पाणी नाही. रिक्षा ६०. रामकुंड, काळाराम. पूर्व दरवाजासमोर १९३०च्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचा विचार करत बराच वेळ उभी होते. तो लढा पाच वर्षं चालला. लिहायला हवं, आज हात चालत नाही.

बर्गर एक, ९०. आज मेयोनीज गोड लागलं, तसं सांगितलं. त्याने बोटावर घेऊन चाखलं आणि उद्या घरचं करून आणतो म्हणाला. शिलालेखाचं सांगितलं. शेकडा एक व्याज ऐकून म्हणाला, “आता इतक्या कमीत कोण देतं?”

दिवस चौदावा, गुरुवार

वाईट दिवस. त्र्यंबकहून परतताना बस दोन तास रखडली. गुडघा सुजला. अर्धं अंतर चालत दूध बाजारात गेले, तर गाडी नाही. शेजारच्या फळवाल्याला विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. उठवली का कुणी? आजारी का? घरी काही? दोन दिवसांच्या ओळखीच्या माणसासाठी इतकी धास्ती वाटेल असं वाटलं नव्हतं. केळी ३०. तीच जेवण.

दिवस पंधरावा, शुक्रवार

गाडी आहे! लांबूनच दिवा दिसला.

काल बन शिळे आले होते. पिशवी उघडली तर आंबूस वास. बदलून मिळेनात, म्हणून गाडी लावलीच नाही, खिमा शेजाऱ्यांत वाटून टाकला. केवढ्याचा तोटा, ते विचारायला धजले नाही. आज दुसऱ्या बेकरीचे बन, जरा घट्ट. रस धरून ठेवतात, तळाशी फाटत नाहीत. हेच ठेवा म्हटलं. मेयोनीज घरचं, लसणाचं. मंगळवारच्या मुली पुन्हा आल्या नाहीत, पण रिक्षावाले चौघे, बुरख्यातली एक बाई तीन मुलांना घेऊन, क्लासहून सुटलेली पोरं. पहिल्यांदाच रांग पाहिली. मी मागे सरकून उभी राहिले. तो मान वर करेना.

दिवस सोळावा, शनिवार

तांबट आळी, सराफ बाजार. चहा तीन, ३०. पोस्टाची तिकिटं ५०. धुलाई ८०. मालेगावच्या बसची चौकशी केली, सकाळी सातची.

त्याने वडिलांचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिलाय. माग बघायचे असतील तर दुपारच्या नमाजाआधी पोचा, म्हणाला. आणि दुसऱ्या तव्याची किंमत विचारून आलाय.