आबनुसाचा पापुद्रा

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, २७व्या अध्यायात, सोर नगरीच्या व्यापाराचे वर्णन आहे. तेथे हस्तिदंताच्या शेजारीच आबनुसाचे नाव येते. सेमिनरीत तो अध्याय शिकताना हे लाकूड आपल्याला कधी पारखावे लागेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ख्रिस्तमंदिरातील प्रवचनपीठाला वाळवी लागली. नवे पीठ प्लायवूडचे करून त्यावर विनियर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पापुद्रा, चढवावा असे ठरले. शहरातल्या एका दुकानात तपकिरी-काळ्या पट्ट्यांचे ताव पाहिले आणि मी हरखून गेलो. रविवारच्या मिस्सात ‘सुलावेसी बेटावरचे अस्सल आबनूस’ अशी घोषणाही करून टाकली. धर्मग्रामस्थांनी हौसेने वर्गणी दिली.

पीठ उभे राहिल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध सुतार बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. म्हणाले, “फादर, ही फळी बघा आणि ती बघा. रेघ न् रेघ तीच.” एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेले ताव सारखे दिसतातच, असे मी विद्वत्तापूर्ण उत्तर दिले. “भावांचे चेहरे मिळतात फादर, पण तीळ एकाच जागी नसतो,” एवढे बोलून ते गेले.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. खरे तर तो आधी करायचा. आबनुसाचा ठोकळा हाती असेल तर पारख त्या मानाने सोपी. उत्तम आबनूस पाण्यात बुडते आणि आडव्या कापावर भिंगातून बारीक रेषांची जाळी दिसते. पण अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्याला ना वजन असते, ना पाहण्याजोगा आडवा काप. हे दोन्ही साक्षीदार गेले की उरतो तो नुसता चेहरा.

दक्षिण भारत व श्रीलंकेतील आबनूस जवळजवळ एकरंगी काळे असते. आफ्रिकेतील गॅबून आबनूसही तसेच. त्या दोघांच्या पापुद्र्यांतला फरक डोळ्यांनी सांगण्याचा आव मी तरी आणणार नाही. सुलावेसीचे आबनूस मकासर बंदराच्या नावाने ओळखले जाते. त्याचे पट्टे कमी-जास्त रुंदीचे, मध्येच वाकणारे, विरणारे असतात. त्याच ओंडक्याचा काप बदलला की सरळ पट्ट्यांऐवजी कमानींसारखी नक्षी उमटते. व्यापारी तिला ‘कॅथीड्रल’ म्हणतात, हे कळल्यावर मला हसू आले. अंदमानचे संगमरवरी लाकूड करड्या रंगावर काळे पट्टे मिरवते. विदर्भात जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णीही याच कुळातली, आणि तिचाही गाभा काळा. आपण घरातल्या प्रत्येक काळ्या खुर्चीला ‘शिसवी’ म्हणतो. पण शिसव वेगळे, त्यात जांभळट झाक असते.

नकलाही नाना परीच्या. वरवर काळे रंगवलेले नासपतीचे लाकूड कडेला खरवडले की फिके पडते. आमच्या पीठावरची नक्कल मात्र अधिक हुशार होती: हलक्या लाकडाचे पापुद्रे रंगवायचे, चिकटवून ठोकळा करायचा आणि तो पुन्हा तासायचा. पट्टे यंत्राने आखल्यासारखे येतात, आणि प्रत्येक तावावर तेच.

नक्कल वाईटच असे मला वाटत नाही. मकासर आबनुसाची १९९८ मध्येच धोक्यातील वृक्षांत नोंद झाली आहे. हा माल त्याच्या खऱ्या नावाने समोर आला असता, तरी मी कदाचित आनंदाने घेतला असता.

रागाने जुनी पावती शोधली. तिच्यावर ‘मकासर डिझाइन’ असे स्वच्छ लिहिले होते. दरही त्याच मानाने होता. ‘अस्सल’ हा शब्द माझाच.

पुढच्या रविवारी त्याच पीठावरून हे सारे सांगितले. सांगताना फळीवरचा हात मी का कोण जाणे मागे घेतला. मिस्सानंतर एक आजी थांबल्या. त्यांना आबनुसाचे काही नव्हते. “फादर, याला वाळवी लागणार नाही ना?” एवढेच त्यांनी विचारले. मी सुतारबुवांकडे पाहिले.

“प्लायवूड चांगलं आहे,” ते म्हणाले.