सासूबाईंना तोरणमाळ दाखवलं

सुरतेतल्या खानदेशी घरांत सुट्टीचा विषय निघाला की सापुतारा, नाशिक, शिर्डी अशी नावं येतात. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर तोरणमाळ आहे, हे फारसं कुणाला आठवत नाही. आमच्या घरी मात्र ते नाव दरवर्षी निघे, आणि काढणाऱ्या असत आमच्या सासूबाई.

त्यांचं माहेर शहाद्याजवळचं. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. त्यांच्या लहानपणी गावातले पुरुष आणि मुलगे पायी घाट चढून जात. बायकांकडे काम एकच, त्यांच्या शिदोरीच्या दशम्या करायच्या. मुलींना कोण नेणार? लग्न होऊन सुरतेला आल्यावर आधी मुलं लहान, मग पैशाची ओढाताण, मग मुलांची लग्नं, आणि शेवटी गुडघे. उपासाची रताळी उकडायला टाकली की त्या दरवर्षी म्हणत, “आत्ता आमच्या गावची माणसं घाटात असतील.” तक्रार म्हणून नव्हे, आज दूध उशिरा आलं म्हणावं तितक्या सहज.

आता त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं आहे. या वर्षी मी आणि धाकट्या जाऊबाईंनी ठरवलं, की दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांना न्यायचंच. घरात विरोध झाला. “आईचं ब्लडप्रेशर, घाटाचा रस्ता, वाटेत काही झालं तर?” असं आमच्या ह्यांचं म्हणणं. काळजी खरी होती, म्हणून आम्ही वाद न घालता सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडेच गेलो. गोळ्या वेळेवर घ्या, चढउतार फार करू नका, खुशाल जा, असं ते म्हणाले. मग हे गाडीच्या भाड्यावर आले. जाऊबाईंची भिशी नुकतीच लागली होती. त्यांनी पैसे टेबलावर ठेवले आणि तो प्रश्न मिटला!

पहाटे तीनला निघालो. शेजारचा ओळखीचा मुलगा गाडी चालवायला होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, लिंबं आणि दोन मोठ्या बाटल्या पाणी अशी तयारी. बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडलं आणि नवापूर आलं. इथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, हे जाऊबाईंना पहिल्यांदाच कळलं. नंदुरबारच्या पुढे प्रकाशाला तापी ओलांडली तेव्हा उजाडलं होतं. सासूबाईंनी गाडीतूनच नदीला हात जोडले. शहाद्याला चहा झाला, गाडीत डिझेल भरलं आणि म्हसावद, राणीपूर करत आम्ही डोंगराला लागलो.

घाटाची वळणं सुरू झाली तशा जाऊबाई लिंबू हुंगत डोळे मिटून बसल्या. सासूबाई मात्र पुढच्या सीटवर ताठ! पदर सावरत म्हणाल्या, “माय व! एवढं चढून जायचे होय!”

वर गेल्यावर पहिला दिसतो तो यशवंत तलाव. चारी बाजूंनी डोंगर, मधे स्वच्छ पाणी, आणि ऑक्टोबर असूनही अंगावर शाल घ्यावीशी वाटणारा वारा. तोरणाची झाडं इथे पुष्कळ, त्यावरूनच तोरणमाळ हे नाव पडलं असं सांगतात. सासूबाई काठावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. आम्हीही बोललो नाही.

रस्त्याच्या कडेला दोन पावरा बायका सीताफळं आणि आमचूर घेऊन बसल्या होत्या. जाऊबाई सवयीप्रमाणे भाव पाडायला लागल्या. तेवढ्यात सासूबाईंनी आमचुराचा एक तुकडा उचलून पाहिला आणि विचारलं, “हे सोलायला किती जणी लागता?” ती बाई पावरीत, या अहिराणीत, पण दोघींचं छान जमलं. धडगाव भागातलं हे आमचूर म्हणजे एप्रिल-मे महिन्यातलं घरच्यांचं काम. कैऱ्या उतरवायच्या, एकेक सोलायची, चिरायची आणि कडक उन्हात वाळवायची. वळवाचा एक पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि मोल जातं. टोपलीभर कैऱ्या सोलल्या तरी वाळल्यावर हाती थोडंच लागतं. सगळं ऐकून सासूबाईंनी बाईने सांगितलेल्या भावाने किलोभर आमचूर घेतलं. जाऊबाईही मग गप्प बसल्या आणि त्यांनी अर्धा किलो घेतलं.

बोलता बोलता त्या बाईने सांगितलं, की दिवाळी झाली की घरचे सगळे गुजरातेत ऊसतोडीला जातात. म्हणजे आम्ही सुरतेहून हवा खायला इथे आलो, आणि इथली माणसं पोट भरायला तिकडे जातात. दोघींचा रस्ता एकच, कारणं किती वेगळी! सासूबाई म्हणाल्या, “आम्ही तरी सुरतेला काय हवा खायला गेलो होतो?”

गोरखनाथाचं दर्शन सावकाश, हात धरून झालं. नंतर सीताखाई पाहिली. जमीन एकाएकी तुटते आणि खाली खोल दरी. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे पाण्याची बारीक धार अजून कोसळत होती. सासूबाई काठीवर टेकून उभ्या राहिल्या. मी विचारलं, “आई, माणसं येऊन सांगायची तसंच आहे का हो?” त्या म्हणाल्या, “नाही गं. त्यांनी आम्हाला नीट सांगितलंच नाही.”

ज्यांना जायचं असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडीत इंधन शहाद्यालाच भरून घ्यावं. रोख पैसे जवळ असू द्यावेत, फोनच्या रेंजवर विसंबू नये. भर पावसात घाटात दरड येते, म्हणून रस्त्याची चौकशी केल्याशिवाय निघू नये. वयस्कर माणसाला पुढे बसवावं, गोळ्या पर्समध्ये वर ठेवाव्यात, दर दोन तासांनी थांबावं. आणि तीनच्या पुढे वर रेंगाळू नये, अंधारात घाट उतरणं बरं नव्हे. आम्ही रात्री दहाच्या सुमारास घरी पोचलो. हे दारातच उभे होते. सासूबाईंचा चेहरा पाहून त्यांनी काहीच विचारलं नाही, पाणी मात्र स्वतः आणून दिलं.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा विचारून पाहा. जिथे जाणाऱ्यांची शिदोरी तिने जन्मभर बांधली आणि जे तिने स्वतः कधी पाहिलं नाही, असं एखादं ठिकाण निघेलच. फार लांबही नसेल ते, पहाटे निघून रात्री परत येण्याजोगं असेल. गुडघे आहेत तोवर नेऊन आणा.