काळी एक, काळी तीन

घर हलवताना बाबांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला. हमालाचा हात सुटला, पोकळ 'टक्' असा आवाज आला आणि गवसणी उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. केसाएवढी चीर. तिच्यातून वाळल्या भोपळ्याचा न् जुन्या पॉलिशचा वास आला आणि मी थेट आमच्या माजघरात जाऊन पोचले.

तिथे कोपऱ्यात दोन तंबोरे असत. बाबांचा मोठा, काळी एकचा. आईचा लहान, काळी तीनचा. रात्री मालकंस गायचा असला की बाबा पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवत आणि मग मणी नखाने सरकवत जोडीच्या तारा मिळवत. स्वयंपाकघरातून आई म्हणे, "पंचम उतरलाय हो जरा." बाबा म्हणत, "पंचम नाही, षड्ज." मी सात-आठ वर्षांची. मला वाटे, हे भांडतायत.

फार उशिरा पेटीवर बोट ठेवून पाहिलं. बाबांचा षड्ज तोच आईचा मंद्र पंचम. बाबांचा मंद्र मध्यम तोच आईचा खर्ज. मालकंसाच्या रात्री दोन्ही तंबोऱ्यांच्या आठ तारांत मिळून स्वर दोनच, नावं मात्र ज्याची त्याची. आईने आपली पहिली तार छेडली की मी बाबांच्या न छेडलेल्या जोडीवर अलगद बोट टेकवी. ती थरथरत असे.

पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी याच नात्यावर उभी आहे. गायक-गायिका आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात. त्याचा मध्यम तो तिचा षड्ज. आमच्या घरी याला काही नाव नव्हतं.

बाबा गेले तेव्हा तेराव्यालाच एक नातलग म्हणाले, "एक विकून टाका, हल्ली मोबाइलवर तानपुरा मिळतो." ते मी अजून विसरलेले नाही.

तंबोरा मिरजेला नेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली; २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. समोरच्या कारागिराने चिरेवर अंगठा फिरवला, जवारीचं सूत ओढून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "गाणार कोण यावर?"

मला उत्तर सुचेना. आईला फोन लावला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचा आवाज काळी तीनला पुरत नाही, षड्ज काळी दोनपर्यंत खाली आलाय. तिचा तंबोरा तेवढा उतरवला की तारा ढिल्या पडतात, बोलत नाहीत. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "यांचा दोन पट्ट्या चढेल का, विचार."

चढला. तारा तेवढ्या बदलाव्या लागल्या.