हांगझोऊहून आईला

हांगझोऊ, 9 डिसेंबर

ती. आईस,

आत्याचा गुडघा आता वाकतो हे वाचून जीव भांड्यात पडला. मी ठीक आहे, पण थंडीने पार गारठलेय. बीजिंगला 15 नोव्हेंबरपासून सरकारी हीटिंग सुरू झालंय. तिथल्या मुली खोलीत अर्ध्या बाह्यांनी वावरतात. 1950 च्या दशकात कोळसा पुरेना, म्हणून छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीची रेघ धरून उत्तरेलाच ऊब द्यायचं ठरलं. आम्ही रेघेच्या दक्षिणेला. नियोजनाच्या तासाला हा निर्णय शिकलो तेव्हा अख्खा वर्ग कोट घालून बसला होता.

कॅन्टीनमध्ये टोमॅटो घालून परतलेलं अंडं आणि भात रोज मिळतो. वरणासाठी जीव तुटतो गं. लसणाची चटणी मी चिमटीने पुरवतेय, शेजारची कोरियन मुलगी चमच्याने घेते, आणि तिला नाही म्हणवत नाही.

खोली बदलली की परदेशी माणसाने चोवीस तासांत नोंद करायची असते. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुन्हा पुन्हा परत केला: पासपोर्टवर नावाचे तीन शब्द, भाडेकरारावर दोन. मधलं नाव बाबांचं, हे मी परोपरीने सांगत होते. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. अजून डोकं तापलेलं आहे. पश्चिम सरोवर पाहिलं, छान आहे, फोटो दादाकडे आहेत.

हांगझोऊ, 16 डिसेंबर

आई, बाबा पुन्हा विचारत होते ना, अर्थशास्त्र शिकतेस तर चिनीचा खटाटोप कशाला? त्यांना हे वाचून दाखव. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात चीनच्या 1978 च्या सुधारणा म्हणजे डेंग शियाओपिंग आणि उत्पादनाचा तक्ता. आज चिनीच्या तासाला आन्ह्वे प्रांतातल्या शियाओगांग गावाचा करारनामा वाचला. त्या वर्षी 18 कुटुंबांनी सामुदायिक जमीन चोरून आपापसांत वाटून घेतली. अर्ध्या पानाचा मजकूर, खाली नावं आणि लाल अंगठे. त्यात लिहिलंय, यापायी गावचे पुढारी तुरुंगात गेले, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी पोसायची. शब्दकोश उघडत एकेक अक्षर लावलं आणि या वाक्याशी आले तेव्हा गळा दाटून आला. उत्पादन का वाढलं ते तक्त्यात कळतं. वाढवणाऱ्यांनी काय पणाला लावलं होतं ते या कागदात आहे, आणि तो माझा मला वाचता आला.

बाबा काय म्हणाले ते सविस्तर लिही. पार्सलमध्ये मेतकूट जास्त घाल, आणि चटणीचे दोन डबे.

तुझी,
मनू