नळाचं पाणी

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात क्रूसाच्या मागे एक वाळलेली झावळी खोचलेली असे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमधून आणायची आणि वर्षभर जपायची. जूनमध्ये आभाळ हिरवट झालं, मक्यावर वारा सुटला, की त्या तिचा तुकडा मोडून मेणबत्तीवर जाळत. वादळाचा भोंगा वाजला की बाकीचे तळघरात पळायचे. त्या मागून यायच्या, धूर करून झाल्यावर.

हे आयोवातलं, डब्यूक काउंटीतलं घर. वस्ती जर्मन कॅथलिकांची. जवळचं गाव डायर्सव्हिल, चारेक हजार वस्तीचं, पण त्याच्या बॅसिलिकेचे दोन मनोरे शेतांवरून कितीतरी मैल दिसतात. सासूबाईंनी सात मुलं वाढवली, दोन वेळा गायींच्या धारा काढल्या आणि रोज रात्री जेवणानंतर खुर्च्यांवर कोपरं टेकून सगळ्यांकडून रोझरी म्हणवून घेतली. सहलीला म्हणून त्या कुठे गेल्याचं कुणाला आठवत नाही. एकदाच, ४ ऑक्टोबर १९७९ला, पहाटेच्या धारा आटोपून बसने डे मॉइनला गेल्या. पोप जॉन पॉल दुसरे आले होते. तिथल्या मोकळ्या रानात तीन लाखांहून जास्त माणसं जमली होती. जमीन ही देवाची देणगी आहे, पुढच्यांसाठी राखा, असं पोप म्हणाले. पुढच्या सातआठ वर्षांत आयोवातल्या जमिनीचे भाव निम्म्याच्याही खाली गेले, कर्जाचं व्याज मात्र चढलेलं. सासऱ्यांनी ऐंशी एकर विकले. "पोपना बँकेचं ठाऊक नव्हतं," सासूबाई म्हणायच्या. रोझरी एक दिवस चुकली नाही.

मी बडोद्याची. लग्न आम्ही कोर्टात केलं, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी झाली तेव्हा मात्र बटाटे सोलता सोलता विचारलं, "बाप्तिस्मा कधी?" मी म्हटलं, करणार नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. त्यांनी मान हलवली आणि पुढचा बटाटा घेतला. इतकं सहज निभावलं म्हणून मी खूश झाले. मूर्खच होते.

त्या उन्हाळ्यात चार महिन्यांच्या मुलीला त्यांच्याकडे ठेवून आम्ही एका लग्नाला गेलो. परत आलो तर तिचं जावळ ओलं. "आंघोळ घातलीत?" "थोडं पाणी घातलं." डोळे माझ्याकडे नव्हते. रात्री नवरा म्हणाला, "मॉमला खोटं बोलता येत नाही. म्हणून पुढे विचारू नकोस."

मी विचारलं नाही, पण दोन नाताळ त्या घरी पाऊलही टाकलं नाही. त्या काळात मी धर्मशास्त्राची पुस्तकं चाळली. जीव धोक्यात असेल तर कुणीही, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही, बाप्तिस्मा देऊ शकतो; साधं पाणी आणि ठरलेले शब्द पुरतात. धोका नसताना, आईबापांची इच्छा नसताना दिला तर ते नियमाबाहेर. पण दिलेला लागू होतो, पुसता येत नाही. हे 'पुसता येत नाही' मला फार झोंबलं.

तिसऱ्या वर्षी गेले. कारण सांगण्यासारखं काही नाही. मुलगी आजीला मागत होती.

सासूबाई एका जानेवारीत गेल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, सहा आठवडे. हॉस्पिसवाल्यांनी जेवणाच्या खोलीत पलंग लावला होता, खिडकीतून रिकामा गोठा दिसायचा. रात्री आम्ही पाळीपाळीने बसायचो. माझ्या पाळीला त्या एकदम स्पष्ट बोलल्या.

"ती लहान असताना मी सिंकपाशी..."

"माहीत आहे मला."

"फादरना सांगितलंय. दर वर्षी सांगते. ते क्षमा देतात. पण पश्चात्ताप असल्याशिवाय ती क्षमा लागत नाही. आणि तो मला होत नाही." थोडा श्वास घेतला. "तुझ्यापासून लपवलं, त्याचा होतो. पाण्याचा नाही."

आयुष्यभर एक नियम न मोडलेली बाई या एका गोष्टीसाठी आपला मोक्ष पणाला लावून पडली होती, आणि तरी मागे हटत नव्हती. मला राग आला, तो जुना राग, जसाच्या तसा. माफ केलं असं मी म्हटलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "तुम्ही मिसाला जायचात तेव्हा मीही मीठमोहरीनं तिची दृष्ट काढायचे. तुमच्याच शेगडीवर."

"मिरच्यासुद्धा," त्या म्हणाल्या. "पडद्यांना वास यायचा."

मग त्यांना पाणी हवं झालं. गिळता येत नव्हतं. काडीच्या टोकाला गुलाबी स्पंज असतो, तो मी त्याच सिंकच्या नळाखाली भिजवला आणि त्यांच्या ओठांना लावला.

दफनाच्या दिवशी जमीन दगडासारखी गोठलेली होती. चर्चच्या तळघरात बायकांनी हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड मांडून ठेवलं होतं. अशी जेवणं सासूबाईंनी चाळीस वर्षं इतरांसाठी मांडली होती. मिसाच्या आरंभी दाराशी फादर शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, मेलेल्या माणसाच्या बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. माझी मुलगी, आता एकोणीस वर्षांची, पेटीला लागून उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नाही. चार थेंब तिच्यावर उडाले. तिने बाहीने गाल पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहत राहिले.