सावरून उभं राहणं

पौषात मराठवाड्यातल्या तेलगावच्या चौकात सकाळ उशिरा उजाडते. वडवणीकडून येणारा, परळीकडे जाणारा, माजलगावचा आणि धारूरच्या घाटाकडे वळणारा, असे रस्ते इथे एकमेकांना भेटतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की त्यांवरून ऊस वाहत असतो. ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, मोळ्यांच्या ढिगावर बसलेली बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं लेकरू. धुकं, चहाची वाफ आणि कारखान्याचा धूर यांतलं कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. त्या उजेडात रंग आपणहून मागे सरतात. उरतात ते उजेडाचे आणि सावलीचे थर. कृष्णधवल फोटोंचा नाद लागलेल्या माणसाला आणखी काय हवं?

या नादाची माणसं आता जिल्ह्याच्या गावांतूनही भेटतात. कुणी शाळेवर, कुणाचं औषधांचं दुकान, कुणी बँकेत. रविवारी पहाटे गाडी काढायची, खांद्याला कॅमेरा अडकवायचा आणि चेहरे शोधत फिरायचं. मी त्यांतलाच एक. आमच्यात एक समजूत पक्की आहे: समोरच्याला पत्ता न लागता टिपलेला तो खरा फोटो, आणि त्याने सावरून उभं राहून दिला तो बेगडी. कँडिड म्हटलं की मान ताठ होते, पोज म्हटलं की नाक मुरडलं जातं.

तेलगावच्या चौकात मात्र ही समजूत टिकत नाही. कॅमेरा नुसता वर उचलला तरी टपरीवरचा म्हातारा हातातला कप बाजूला ठेवतो, टोपी काढून झटकतो आणि नीट बसवतो. बाई पदर डोक्यावरून घेते. पोरगं शर्टाचं वरचं बटण लावतं, तेवढं एकच उरलेलं असलं तरी. मग हात मांड्यांना चिकटवून सगळे उभे राहतात. चेहरा गंभीर, नजर थेट काचेत. बरोबरचा मित्र पुटपुटतो, ‘गेला फोटो.’ मला वाटतं, फोटो खरा इथून सुरू होतो.

ही उभं राहण्याची रीत अशीच आलेली नाही. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचा सगळ्यात नावाजलेला छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी पडद्याआडचा स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आड, एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली, खानदानी घरांतल्या स्त्रिया तिथे फोटो काढून घेत. आपल्या चेहऱ्याकडे कुणी, कुठे आणि कसं पाहावं, हे ठरवण्याला तेव्हा एवढी किंमत होती. अर्थात ती मोजण्याची ऐपत मोजक्याच घरांत.

गावोगावच्या माणसांपर्यंत कॅमेरा आला तो फार पुढे, तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओतून. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कारंजं. खुंटीला अडकवलेला एक कोट, जो येईल त्याच्या अंगावर चढायचा. कुणाकडे बडोद्याला बनणारा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा असायचा. त्याच्या एका रोलवर बाराच चौकोनी फोटो निघत, त्यामुळे बटण दाबणारा आणि समोर उभा राहणारा दोघेही श्वास धरून असत. पुढे उटीच्या कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म आली. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर चेहरा हळूहळू वर यायचा. मग तो हायपोच्या पाण्यात घालायचा, नाहीतर उजेडात गेल्यावर सगळंच काळवंडून जायचं.

गंमत अशी, की त्या काळी कृष्णधवल ही कुणाची आवड नव्हती, दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून ते होतं. चार पैसे जास्त असले की लोक त्याच फोटोवर रंग चढवून घेत. बारीक कुंचल्याने साडी हिरवी व्हायची, ओठांवर लाली यायची, गळ्यातल्या सरीला पिवळेपणा यायचा. आज मोबाइलमध्ये रंग फुकट मिळतो, तर आम्ही हौशी लोक बसून तो काढून टाकतो. ज्याच्याजवळ रंग भरपूर आहेत त्यालाच ते टाकून देणं परवडतं, हे मला हल्ली वारंवार जाणवतं.

आणि रंग काढणं वाटतं तितकं निष्पाप काम नाही. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून त्या फोटोंत कुंकू कोळशासारखं काळं येई आणि सावळी कातडी आणखी काळी. आताच्या संगणकावर प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. लालची पट्टी वर ओढली की चेहरा उजळतो, पण त्याबरोबर कपाळावरचं कुंकूही फिकट होत होत नाहीसं होतं. ज्या गावात कुंकू नसलेल्या कपाळाचा एकच अर्थ लावला जातो, तिथली बाई आपला असा फोटो पाहून काय म्हणेल? उलट नारिंगीची पट्टी खाली ओढली की कातडी गडद होते, सुरकुत्या खोल दिसतात, आणि स्पर्धेतले परीक्षक म्हणतात, वा, काय पोत आहे! म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं ऊन त्याने उन्हात काढलेल्या वर्षांचं. आम्ही त्यात आमची भर घालतो आणि ‘मराठवाड्याचा चेहरा’ असं नाव देऊन मोकळे होतो.

ज्या कँडिडचा आम्हाला एवढा अभिमान, तो जन्मला कुठे? जर्मनीत एरिख सालोमन नावाचा गृहस्थ होता. बर्लिनच्या कोर्टात फोटो काढायला बंदी असताना त्याने 1928 मध्ये टोपीत कॅमेरा लपवून एका खून-खटल्याचे फोटो घेतले. मग तो आंतरराष्ट्रीय परिषदांत शिरू लागला. पेंगुळलेले मंत्री, कानाशी लागून बोलणारे मुत्सद्दी, सिगारच्या धुरात बुडालेली रात्रीची बैठक, असं सगळं त्याने जगाला दाखवलं. ज्यांच्या हाती सत्ता होती, आपण कसं दिसावं याचा बंदोबस्त ज्यांनी आधीच करून ठेवला होता, त्यांचा मुखवटा सरकवायला ही कला निघाली. आम्ही तीच घेऊन झोपडीवजा कोपीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईवर लांब भिंगातून नेम धरतो. तिचा मुखवटा कुठला? सबंध आयुष्यात तिने स्वतःहून काढून घेतलेला एखादा तरी फोटो असेल का? पुष्कळ बायांचा पहिला फोटो निघाला तो 1993 नंतर, निवडणूक ओळखपत्रासाठी. तोही कृष्णधवल, आणि असा की घरच्यांनीही नाव वाचून खात्री करून घ्यावी.

न सांगता काढलेले सगळेच फोटो चोरीचे, असं मी म्हणणार नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले आहेत. त्यांत घाण आहे, गाळ आहे, थकलेली शरीरं आहेत, आणि तरी पाहणाऱ्याला आपण कुणाच्या घरात डोकावतोय असं वाटत नाही. ते त्या माणसांत दीर्घकाळ वावरले. तिथे सवयीचा झालेला कॅमेरा असतो, लपलेला नव्हे. रविवारच्या दोन तासांत ती सवय होत नाही. म्हणून आमच्यासारख्यांनी निदान समोर जाऊन उभं राहावं, विचारावं, आणि समोरच्याला सावरायला वेळ द्यावा.

असा वेळ दिला की जे घडतं ते मोठं बघण्यासारखं असतं. एकदा कारखान्याच्या रस्त्यालगत उसाच्या गाड्यांची रांग खोळंबली होती. एका ऊसतोड जोडप्याला मी विचारलं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतात. आगाऊ पैशांची उचल त्या कोयत्यावर, हिशोब त्या कोयत्यावर. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं: मागे उसाची गाडी, हातात कोयता, कपाळावर घाम. ती खाली उतरली, घागरीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, लेकराचं नाक पुसलं. मग नवऱ्याच्या हातातला कोयता काढून गाडीत टाकला.

‘ह्यो कशाला फोटूत? रोजचाच हाय.’

गाडीचीही तिला अडचण झाली. पलीकडे कारखान्याची पांढरी भिंत होती, तिथे दोघं जाऊन उभी राहिली. कलर हाय ना, असं तिने दोनदा विचारून घेतलं. एका वाक्यासरशी माझं चित्र बाजूला झालं होतं, आणि तिचं चित्र तिने स्वतः उभं केलं होतं. त्यात ऊस नव्हता, कोयता नव्हता, उचल नव्हती. लेकराला मध्ये घेऊन उभे असलेले दोन चेहरे होते, वहीत एक धरले गेलेले आणि भिंतीपुढे स्पष्ट दोन.

बटण दाबल्यावर त्यांना वाटलं, झालं. खांदे सैल पडले, तो काहीतरी बोलला, ती पदर तोंडाला लावून हसली, आणि माझं बोट पुन्हा दाबलं गेलं. पोज सुटते तो क्षण आम्हा लोकांचा लाडका. मलाही तो आवडतो, पण तो मिळतो आधीच्या ताठ उभं राहण्यातून. सावरलेलं माणूस सैल होतं तेव्हा त्या सैलपणाला काही अर्थ असतो.

हंगाम संपून पट्टा पडायच्या आत मी दोन्ही फोटो छापून त्यांच्या कोपीवर नेले: भिंतीपुढचा रंगीत, हसतानाचा कृष्णधवल. तिने रंगीत फोटो उजेडाला धरून लुगड्याचा रंग बरोबर उतरला आहे का ते पाहिलं, नवऱ्याला दाखवला आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली ठेवला. दुसरा फोटोही तिने पाहिला, जरा वेळ पाहिला, आणि माझ्या हातात परत दिला.

‘हा तुमच्यापशीच राहू द्या. तुम्हाला असलेच आवडत्यात.’